भांडारकर संस्थेच्या वाटचालीतला चिनी धागा

वाशीम म्हणजे जुने वत्सगुल्म. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे वाकाटक हरिषेणाची राजधानी होती. त्याचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचे 16 क्रमांकाचे लेणे खोदवून घेतले. तिथल्या शिलालेखात हरिषेणाचा दबदबा असलेल्या प्रदेशांत अवंतीचे नाव येते. त्याच अवंतीत, उज्जयिनीला, 499 साली एका ब्राह्मण घरात परमार्थ जन्मला. तो बौद्ध भिक्षू झाला, 546 मध्ये समुद्रमार्गे दक्षिण चीनला पोहोचला आणि 569 मध्ये तिथेच वारला.

परमार्थाने बौद्ध ग्रंथांबरोबर ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिका एका टीकेसह चिनी भाषेत नेल्या. पुढे 648 मध्ये ह्युएन त्संगने वैशेषिकांचा दशपदार्थशास्त्र हा ग्रंथ अनुवादला. अफाट चिनी त्रिपिटकात हिंदू दर्शनांचे हे दोनच ग्रंथ आहेत. वादात पूर्वपक्ष नीट कळायला हवा म्हणून भिक्षूंनी ते अभ्यासले आणि जपले. देवांची वाट वेगळी होती. चीनमधल्या तुनह्वांगच्या 285 क्रमांकाच्या गुहेत, 538-539 च्या सुमारास, गणपती, कार्तिकेय आणि महेश्वर बुद्धाच्या परिवारात चितारले गेले. छ्वानचौ बंदरातल्या तमिळ व्यापाऱ्यांनी तर शिवमंदिरच उभारले. तिथला तमिळ शिलालेख 1281 चा आहे.

या सगळ्याशी पुण्याचा संबंध जुळला तो 1917 मध्ये. त्या वर्षी 6 जुलैला, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या वाढदिवशी, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर स्थापन झाले. त्यांना अर्पण केलेल्या गौरवग्रंथात श्रीपाद कृष्ण बेलवलकरांचा माठरवृत्ती या सांख्यकारिकांवरच्या संस्कृत टीकेवर लेख होता. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक असलेले बेलवलकर पुढे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. परमार्थाच्या चिनी टीकेचा जपानी विद्वान ताकाकुसूंनी केलेला फ्रेंच अनुवाद 1904 मध्ये आला होता. बेलवलकरांनी तो माठरवृत्तीशी ताडून पाहिला आणि चिनी टीकेचे मूळ हेच, असे मांडले.

या कामाचे मोल मला फार वाटते. आपल्या जुन्या ग्रंथांवर सन नसतो. कोण आधी, कोण नंतर यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद चालतात. चिनी भाषांतरकाराचा काळ मात्र नोंदलेला असतो. परमार्थ 569 मध्ये गेला, म्हणजे कारिका त्याआधीच्या, हे निर्विवाद. लुटल्या गेलेल्या तांड्यातून मागे राहिलेले आंधळा आणि पांगळा, पांगळ्याला खांद्यावर घेऊन वाट काढणारा आंधळा, हा प्रकृती-पुरुषाचा दृष्टान्त सहाव्या शतकातला चिनी वाचकही वाचत होता.

बेलवलकरांचा निष्कर्ष पुढे टिकला नाही. माठरवृत्तीत भागवतातली वचने आढळतात, तेव्हा ती आजच्या रूपात परमार्थानंतरची ठरते. 1973 मध्ये एस्थर सॉलोमन यांनी जैसलमेरच्या ताडपत्रांवरून आणखी दोन वृत्ती प्रकाशित केल्या आणि चर्चेचे दालन पुन्हा उघडले. तरी संस्कृत पोथी चिनी पोथीपुढे ठेवून वाचायची, हा बेलवलकरांचा रस्ता पक्का होता.

त्याच रस्त्याने पुरुषोत्तम विश्वनाथ बापट चालले. फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणाऱ्या बापटांनी 1937 मध्ये विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग या बौद्ध ग्रंथांची तुलना प्रसिद्ध केली. विमुत्तिमग्ग समग्र उरला होता तो चिनी भाषेत. 1970 मध्ये, अकिरा हिराकावांच्या साहाय्याने, संघभद्राच्या चिनी विनय-टीकेचा त्यांचा इंग्रजी अनुवाद भांडारकर संस्थेनेच छापला. विषय बौद्ध खरा, पण धागा तोच. याच संघभद्राशी जोडलेली एक परंपरा चिनी ग्रंथांत नोंदलेली आहे: बुद्धाच्या निर्वाणापासून दर वर्षावास संपला की विनयाच्या पोथीवर एक ठिपका द्यायचा. 489 साली ठिपके भरले 975, आणि निर्वाणाचे साल इसवी सनापूर्वी 486 धरणारे इतिहासकार याच मोजणीचा आधार घेतात.