सोनोमा किनाऱ्याची लाल वाइन

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, पॅसिफिक महासागराकडे तोंड करून असलेल्या डोंगरधारांवरच्या द्राक्षांची वाइन. मुख्य वाण पिनो न्वार. त्याखालोखाल थोडी सिरा. पिनोचा पातळसर लाल रंग, चेरी-रास्पबेरीसारखा वास, ठळक आम्लता आणि बेताचे टॅनिन ही तिची ओळख. या गुणांचे श्रेय सरसकट थंडीला दिले जाते. ते तपासून घेतलेले बरे.

इथल्या समुद्राचे पाणी उन्हाळ्यातही गार असते, कारण वाऱ्यांमुळे खोलातले पाणी सतत वर येते. त्यावरची दमट हवा निवून धुके होते आणि दऱ्याखोऱ्यांत शिरते. मात्र फोर्ट रॉस-सीव्ह्यू या पोटविभागातले मळे साधारण 280 ते 550 मीटर उंचीवर, बहुतांशी धुक्याच्या थराच्या वर आहेत. त्यांना ऊन भरपूर मिळते. खाली धुक्यात बुडालेल्या जागी द्राक्ष पिकणेच कठीण. तेव्हा खरे काम करते ती उन्हावरची समुद्राची वेसण. कडक उष्णतेत द्राक्षातले मॅलिक आम्ल झपाट्याने खर्च होते, आणि तापमान 35 अंश सेल्सियसच्या पुढे गेले की सालीत रंगद्रव्य तयार होणे मंदावते. किनाऱ्यालगत पारा एवढा क्वचितच चढतो. साखर सावकाश भरते आणि साल-बिया पक्व होईपर्यंत आम्ल शिल्लक राहते. सिराच्या बाबतीत पुरावा नाकालाच कळतो. तिच्यातला मिरीचा वास रोटंडोन या संयुगाचा असतो, हे ऑस्ट्रेलियन संशोधकांनी 2008 मध्ये दाखवले (मसाल्याच्या डब्यातल्या काळ्या मिरीतही तेच असते). थंड जागच्या द्राक्षांत ते अधिक आढळते.

ही सारी वाइन बनवणाऱ्याची करामत, हवामानाचे नाव उगाच, असा एक आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. याच किनाऱ्यावर तोडणी लांबवून गडद, मद्यार्काने जड झालेली पिनोही बनली आहे. जास्मिन हर्श आणि कोलकात्यात जन्मलेले रजत पार यांनी 2011 ते 2016 या काळात ‘इन पर्सूट ऑफ बॅलन्स’ ही मोहीम चालवली, ती कॅलिफोर्नियातल्या अशाच जडपणाच्या विरोधात. हवामानाने आपोआप समतोल साधला असता, तर मोहिमेची गरजच नव्हती. पण उष्ण खोऱ्यात नुसती लवकर तोडणी करून हा गुण येत नाही. आम्ल हाती लागते, टॅनिन कच्चे राहते. हवामान निवडीला वाव देते, निवड माणसाची. दुसरा आक्षेप नावावरचा, आणि तो अधिक वजनदार आहे. 1987 मध्ये आखलेला ‘सोनोमा कोस्ट’ विभाग समुद्रापासून बराच आतपर्यंत पसरला होता. म्हणून 2012 मध्ये फोर्ट रॉस-सीव्ह्यू आणि 2022 मध्ये ‘वेस्ट सोनोमा कोस्ट’ हे विभाग वेगळे आखले गेले. नुसते ‘सोनोमा कोस्ट’ छापलेल्या बाटलीत आजही आतल्या भागातली द्राक्षे असू शकतात.