सोळा वर्षांची मुदत

कॅरिबियन समुद्रातील पोर्तो रिको हे बेट १८९८ साली स्पेनच्या अमलातून निघून अमेरिकेच्या ताब्यात गेले आणि १९१७ साली तेथील रहिवाशांना अमेरिकेचे नागरिकत्वही मिळाले. परंतु त्यांच्या घरातली, प्रार्थनेतली आणि गाण्यातली भाषा स्पॅनिशच राहिली. एका बाजूस स्पॅनिश भाषेचा विस्तीर्ण मुलूख आणि दुसऱ्या बाजूस अमेरिकेची धनाढ्य बाजारपेठ, अशा या संधिस्थानी १९७७ साली 'मेनुदो' हा बालगायकांचा संच स्थापन झाला, आणि त्याच्या पुढील उत्कर्षात या भूगोलाचा वाटा मोठा होता.

संस्थापक एदगार्दो दियास यांनी पूर्वी 'ला पांदिया' या स्पेनमधील बालसंचाचा कारभार पाहिला होता. बालगायकांचे भांडवल म्हणजे त्यांचे बाल्य, आणि ते दिवसेंदिवस घटतच जाणार; ही अडचण ओळखून त्यांनी नव्या संचासाठी एक शिरस्ता घालून दिला. मुलगा सोळा वर्षांचा झाला, किंवा त्याआधीच त्याचा आवाज फुटला, की त्याने निवृत्त व्हावे आणि त्याच्या जागी लहान वयाच्या मुलाची नेमणूक व्हावी. फर्नांदो व नेफ्ती हे सायाबेरी बंधू आणि कार्लोस, ऑस्कर व रिकी हे मेलेंदेस बंधू, असे पाच जण प्रथम रुजू झाले आणि त्याच वर्षी 'लॉस फांतास्मास' ही त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली.

आरंभीची कीर्ती बेटापुरतीच होती. ती ओलांडण्याचा योग १९८१ च्या सुमारास आला. त्या वर्षीच्या 'कियेरो सेर' या संग्रहातील 'सुबेते आ मि मोतो' या गीतात नायक आपल्या प्रेयसीला मोटरसायकलवर बसण्याचे आमंत्रण देतो. गाणारी मुले मात्र तेरा-चौदा वर्षांची, म्हणजे स्वतः वाहन चालविण्याचा परवाना मिळण्याच्याही वयाची नव्हती. प्रौढांनी रचलेला शृंगार मुलांच्या कोवळ्या, निर्मळ कंठातून उमटत असे. त्यामुळे किशोरवयीन मुलींना तो आपलासा वाटे आणि त्यांच्या मातापित्यांना निरुपद्रवी. व्हेनेझुएला आणि मेक्सिको येथे अलोट गर्दी लोटू लागली, १९८२ साली चित्रपट निघाले, आणि १९८३ साली अमेरिकेतील 'एबीसी' वाहिनीवर शनिवारी सकाळी बालप्रेक्षकांच्या कार्यक्रमांच्या मध्यंतरी ही मुले इंग्रजीतून गाऊ लागली.

या शिरस्त्याची खरी कसोटी १९८४ साली लागली. मूळ पाचांपैकी शेवटचा, रिकी मेलेंदेस, त्या वर्षी निवृत्त झाला. त्याच्या जागी, पूर्वी चाचणीत अंगकाठी लहान म्हणून नाकारला गेलेला एन्रिके मार्तिन मोरालेस हा बारा वर्षांचा मुलगा आला. तोच पुढे रिकी मार्टिन या नावाने जगाला परिचित झाला. सात वर्षांत स्थापनेच्या वेळचा एकही गायक उरला नव्हता, तरीही संचाची लोकप्रियता ओसरली नाही. व्यक्ती जाते आणि पद राहते, हा राज्यकारभारातील दंडक येथे मुलांच्या गाण्याला लागू झाला होता.

परंतु या व्यवस्थेत नाव संचालकांच्या मालकीचे होते. मुलांच्या वाट्याला आली ती केवळ मुदत. ज्याची जागा भरून काढण्यास दुसरा मुलगा सदैव तयार आहे, त्याला विश्रांती, शिक्षण किंवा मोबदला यांविषयी आग्रह धरणे अवघड होते. १९९१ साली व्यवस्थापनावर गैरवर्तनाचे जाहीर आरोप झाले आणि दियास यांनी ते नाकारले. पुढे अनेक माजी गायकांनीही आपली कैफियत जगापुढे मांडली. 'मेनुदो'चे सर्वांत मोठे नावीन्य कारभारात होते आणि सर्वांत मोठा दोषही तेथेच होता, असे माझे मत आहे. ज्यांच्या घरी गोड गळ्याचे मूल आहे त्यांनी कोणत्याही करारनाम्यावर सही करण्यापूर्वी हा इतिहास अवश्य वाचावा, आणि मुलाच्या शाळेची, झोपेची व मिळकतीची तजवीज त्यात स्पष्ट लिहून घ्यावी.