फिरणारे डोळे आणि भिंतीवरचे प्रमाणपत्र

मानसोपचारकाच्या खोलीत गेलेल्या माणसाचे लक्ष बहुधा भिंतीकडे जाते. तिथे विद्यापीठाची पदवी चौकटीत लावलेली असते. अलीकडे तिच्या शेजारी आणखी एक-दोन चौकटी दिसतात : अमुक तंत्राचे पायाभूत प्रशिक्षण पूर्ण, तमुक तंत्रातील प्रमाणित उपचारक. पदवी कशी मिळते हे आपल्याला ठाऊक असते. ही दुसरी प्रमाणपत्रे मात्र नेमके काय सांगतात? मानसिक आघातावरील उपचारांच्या क्षेत्रात ती कशी आली, हे पाहिले तर या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळते.

हा इतिहास फार जुना नाही. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचे हाल पाहून अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 मध्ये ‘आघातोत्तर तणाव विकृती’ हे निदान आपल्या अधिकृत यादीत घेतले. नको असलेली आठवण वारंवार उसळून येणे, झोप उडणे, दचकणे, त्या प्रसंगाशी संबंधित जागा आणि माणसे टाळणे ही तिची लक्षणे. आजाराला नाव मिळाले, पण उपचार थोडेच होते. अशा मोकळ्या जागेत नवनव्या तंत्रांचे पीक येते, तसे ते इथेही आले.

त्यांतले सर्वांत गाजलेले तंत्र फ्रान्सीन शपिरो (1948–2019) यांचे. त्या मुळात इंग्रजी साहित्याच्या विद्यार्थिनी. कर्करोगातून बऱ्या झाल्यावर मानसशास्त्राकडे वळल्या. 1987 मध्ये कॅलिफोर्नियातील एका उद्यानात फिरताना त्यांच्या लक्षात आले, की मनात घोळणारे त्रासदायक विचार आपोआप बोथट होत आहेत आणि त्या वेळी आपले डोळे भराभर इकडून तिकडे हलत आहेत. यावरून त्यांनी पद्धत बसवली. रुग्णाने दुःखद प्रसंगाचे चित्र मनात धरायचे, उपचारक डावी-उजवीकडे बोट हलवतो त्याच्यामागे नजर फिरवायची, मग थांबून आता किती त्रास होतो ते शून्य ते दहा या मापावर सांगायचे. त्रास ओसरेपर्यंत हे चालू ठेवायचे. 1989 मध्ये त्यांनी 22 रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बैठकीत मोठा फरक पडल्याचा त्यात दावा होता. त्रुटी उघड होत्या : उपचार करणारी आणि मोजमाप घेणारी व्यक्ती एकच, आणि मोजमापाचा मुख्य आधार रुग्णाचे सांगणे. पुढे या तंत्राला ‘आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग’ असे लांबलचक नाव पडले. आपण ते ई.एम.डी.आर. म्हणू.

आपल्या विषयाच्या दृष्टीने खरी गोष्ट येथून सुरू होते. लेखातले वर्णन वाचून उपचारकाला ही पद्धत बऱ्याच आठवणींसाठी वापरता येईल, असे शपिरो यांनी आरंभी म्हटले होते. थोड्याच काळात त्यांची भूमिका बदलली. प्रत्यक्ष देखरेखीखाली शिकल्याशिवाय हे तंत्र वापरू नये, अर्धवट ज्ञानाने रुग्णाला अपाय होईल, असे त्या सांगू लागल्या. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. दबलेली भयंकर आठवण उघडायची आणि मग रुग्णाला तसेच घरी पाठवायचे, हे धोक्याचेच. मग प्रशिक्षणाच्या कार्यशाळा निघाल्या, त्यांना पहिली पातळी, दुसरी पातळी असे टप्पे आले, आणि आपण हे इतरांना शिकवणार नाही असा करार शिकणाऱ्यांकडून लिहून घेतला जाऊ लागला.

या व्यवस्थेचा एक परिणाम झाला. एखाद्या संशोधकाला चाचणीत ई.एम.डी.आर.चा विशेष गुण आढळला नाही, की प्रश्न निघे : त्याचे प्रशिक्षण पुरेसे झाले होते का? जेराल्ड रोझेन या मानसशास्त्रज्ञाने यातली अडचण दाखवून दिली. प्रयोग फसला की प्रत्येक वेळी प्रयोग करणाराच अपुरा शिकलेला ठरत असेल, तर ते तंत्र चूक ठरण्याची वाटच बंद होते. वर्गात विज्ञान शिकवताना आपण जे सांगतो, की आपले म्हणणे चूक ठरवण्याची सोय असलीच पाहिजे, त्याच्या हे नेमके उलट आहे.

1999 मध्ये रिचर्ड मॅकनॅली यांनी या प्रकाराची तुलना मेस्मरशी केली. तुलना बोचरी आहे, पण ती आठवण्याजोगी आहे. फ्रान्झ मेस्मर हा व्हिएन्नाचा डॉक्टर 1778 मध्ये पॅरिसला आला आणि ‘प्राणिज चुंबकत्वा’ने रोग बरे करू लागला. 1783 मध्ये त्याच्या अनुयायांनी मंडळ स्थापन केले. शंभर लुई, म्हणजे सोन्याची शंभर नाणी, भरायची, गुप्ततेचे वचन द्यायचे आणि मग विद्या मिळवायची, असा तिथला नियम होता. दुसऱ्याच वर्षी राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. मेस्मरचा शिष्य देलों याने फ्रँकलिन यांच्या बागेतील जर्दाळूचे एक झाड ‘चुंबकित’ केले आणि बारा वर्षांच्या एका मुलाला डोळे बांधून झाडांपाशी नेण्यात आले. मुलगा चौथ्या झाडापाशी बेशुद्ध पडला. पण ते चुंबकित केलेले झाड नव्हतेच! परिणाम खरा होता, त्याचे सांगितलेले कारण मात्र खोटे ठरले.

ई.एम.डी.आर.च्या बाबतीतही हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. गुण येतो का? येतो. नियंत्रित चाचण्या होत गेल्या आणि 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातोत्तर तणावासाठी शिफारस केलेल्या उपचारांत त्याचा समावेश केला. गुण डोळे फिरवण्यामुळे येतो का? इथे वाद आहे. 2001 मधील 34 अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात डोळ्यांच्या हालचालीची वेगळी भर दिसली नाही. 2013 मधील दुसऱ्या विश्लेषणात ती दिसली. ज्यांना ती दिसते त्यांच्यापैकी बरेच जण म्हणतात, की आठवण मनात धरून दुसरे काम केले की कार्यकारी स्मृतीवर ताण येतो आणि चित्र फिकट होते. तसे असेल तर डोळेच हवेत असेही नाही, दुसरे लक्ष वेधणारे कामही चालेल.

दरम्यान 1995 मध्ये शपिरो यांचे पाठ्यपुस्तक निघाले, शिकवण्यावरचे करारबंधन सुटले, आणि त्याच वर्षी उपचारकांची स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. तिचे निकष साधारणपणे असे ठरले : पायाभूत प्रशिक्षणात 20 तास शिकवणी, 20 तास सराव आणि 10 तास अनुभवी व्यक्तीचे मार्गदर्शन, ‘प्रमाणित’ होण्यासाठी त्याशिवाय व्यवसायाचा परवाना, दोन वर्षांचा अनुभव, निदान 25 रुग्णांबरोबर 50 बैठका आणि आणखी 20 तास मार्गदर्शन. म्हणजे ‘प्रशिक्षित’ आणि ‘प्रमाणित’ हे शब्द एक नव्हेत, आणि परवाना तर तिसरीच गोष्ट आहे. भूजच्या 2001 मधील भूकंपानंतर या तंत्राचे प्रशिक्षक भारतातही आले.

आता दुसऱ्या एका तंत्राकडे पाहू या, कारण त्याचा शाळांशी अधिक जवळचा संबंध आहे. अग्निशामक दलात काम केलेल्या जेफ्री मिचेल यांनी 1983 मध्ये दुर्घटनेनंतर लगेच घ्यायच्या गटचर्चेची पद्धत मांडली. घटनेत सापडलेल्या सर्वांना काही दिवसांतच एकत्र बसवायचे आणि काय पाहिले, काय वाटले ते बोलते करायचे. पद्धत सोपी, हेतू चांगला. तिच्याही कार्यशाळा आणि प्रमाणपत्रे निघाली, आणि ती जगभर पसरली. मग ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर याच धर्तीच्या, पण एकेकट्याला वा जोडप्याला बोलते करण्याच्या पद्धतीची चाचणी झाली. तिचा निष्कर्ष 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. तेरा महिन्यांनी पाहिले तेव्हा बोलते केलेल्यांपैकी 26 टक्के लोकांना विकृती होती, न केलेल्यांपैकी 9 टक्के. बोलते केलेल्या गटातील भाजण्याचे प्रमाण आरंभीच अधिक होते, हे खरे. पण पुढील आढाव्यांतही अशा एकदाच्या चर्चेने विकृती टळल्याचे दिसले नाही, आणि 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती करू नये असेच सांगितले. ज्यांनी प्रशिक्षण घेतले होते ते मनापासून शिकले होते. त्यांच्या प्रमाणपत्रात काहीही खोटे नव्हते.

आपल्याकडे 1992 च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याखाली चिकित्सा-मानसशास्त्रज्ञांची नोंदणी होते. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र म्हणजे ही नोंदणी नव्हे. शाळेत दुर्घटना घडल्यावर मदतीला येणाऱ्या व्यक्तीला मुख्याध्यापकांनी याबद्दल विचारण्यात संकोच करू नये. शिवाय तुमच्या तंत्राची चाचणी कोणी घेतली, तंत्र शिकवणाऱ्यांनीच की इतर कोणी, हेही विचारावे.

याची दुसरी बाजू युगांडात दिसली. नाकिवाले येथील निर्वासितांच्या वसाहतीत मानसशास्त्राची पदवी नसलेल्या निर्वासितांनाच सहा आठवडे शिकवून उपचारक केले गेले. रवांडा व सोमालियाच्या 277 निर्वासितांवर झालेल्या या चाचणीचा निष्कर्ष 2008 मध्ये आला. जीवनाची हकीकत क्रमाने सांगण्याच्या पद्धतीने सुमारे 70 टक्के लोक विकृतीच्या निकषांतून बाहेर पडले, साध्या समुपदेशनाने सुमारे 65 टक्के, आणि केवळ लक्ष ठेवलेल्या गटातील सुमारे 37 टक्के.