माशाच्या पाठीवरचा पत्ता

१९५९ साली फ्रान्स आणि स्पेन यांच्या कुशीत शिरलेल्या बिस्केच्या उपसागरात दोन ब्लूफिन ट्यूना पकडले गेले. कोकणात ज्याला कुपा म्हणतात, त्याच कुळातला हा अटलांटिकचा महाकाय मासा. दोन्ही माशांच्या पाठीत एकेक क्रमांकित खूण रोवलेली होती. ती लावली गेली होती पाच वर्षांपूर्वी, महासागराच्या पैलतीरी, अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्यालगत!

माशाला खूण करण्याची युक्ती तशी जुनीच. आयझॅक वॉल्टनच्या १६५३ सालच्या ‘द कम्प्लीट अँगलर’ या ग्रंथात तिचा उल्लेख आहे: समुद्राकडे निघालेल्या सॅमनच्या पिलांच्या शेपटीला फीत बांधायची आणि सुमारे सहा महिन्यांनी तीच फीत त्याच जागी परत येते का, ते पाहायचे. परंतु नदीला दोन काठ असतात. महासागरात पहारा कोण देणार?

वुड्स होल सागरी संशोधन संस्थेतील फ्रँक मॅथर यांनी १९५४ साली याचे उत्तर हौशी मासेमारांत शोधले. गळाला लागलेला मासा मारण्याऐवजी त्याच्या पाठीत खूण रोवायची, तारीख, जागा आणि अंदाजे आकार टिपायचा व त्याला सोडून द्यायचे. पुढे तो ज्याच्या हाती लागेल, त्याने क्रमांकासह हाच तपशील कळवायचा. त्या दोन टिपणांमधल्या अंतरावरून प्रवास समजतो आणि लांबीतल्या फरकावरून वाढ. वाटेत माशाने किती वळणे घेतली, हे मात्र ही मुकी खूण सांगत नाही.

१९६१ साली बहामाजवळ खुणावलेले ट्यूना चार महिन्यांच्या आत नॉर्वेच्या किनाऱ्यावर सापडले आणि दोन तीरांवरचे मासे एकमेकांना पूर्णतः परके आहेत, हे मानणे अवघड झाले. तरीही १९८१ साली अटलांटिक ट्यूनाविषयक आंतरराष्ट्रीय आयोगाने व्यवस्थापनासाठी महासागराची विभागणी केली. ४५ अंश पश्चिम रेखांशाच्या अलीकडे एक साठा, पलीकडे दुसरा. पश्चिमेकडे कडक मर्यादा आल्या. मासे मात्र ती रेषा ओलांडतच राहिले. एका बाजूने राखलेला मासा दुसऱ्या बाजूच्या जाळ्यात जातो का, हा प्रश्न त्यामुळे पोटापाण्याचा आणि राजकारणाचा ठरला.

अशा वेळी न कळवलेली खूण निरुपद्रवी राहत नाही. आपला वाटा घटेल या धास्तीने कुणी ती समुद्रात भिरकावली, तर हिशेबात तो मासा पकडलाच गेला नाही असे दिसते. मासेमारीचा भार प्रत्यक्षाहून हलका वाटतो आणि साठा प्रत्यक्षाहून मोठा.

१९६२ साली जॅक केसी यांनी शंभराहून कमी स्वयंसेवकांसह शार्क माशांसाठी अशीच योजना सुरू केली. तिच्या खुणेत एक इवलीशी कुपी असे आणि कुपीत संपर्काच्या सूचना. इंग्रजी, स्पॅनिश, फ्रेंच, जपानी आणि नॉर्वेजियन अशा पाच भाषांत, कारण ती कोणाच्या बोटीवर उघडेल याचा नेम नव्हता. कळवणाऱ्याला बक्षीस म्हणून मिळे एक टोपी. या योजनेत खुणावलेला एक सँडबार शार्क जवळजवळ २८ वर्षांनी पुन्हा सापडला, आणि ज्याने तो पकडला त्याने ते कळवले.