अळी शिकली नाही, ती आधीपासूनच तशी होती

आजची गोष्ट आमच्या शेतातली आहे. मी केनवडचा, तालुका रिसोड, जिल्हा वाशिम. आता आमच्याकडे सोयाबीन जास्त, पण मी शाळेत होतो तेव्हा घरी पऱ्हाटी असायची. बीटी बियाण्याच्या पिशवीसोबत 120 ग्रॅमचं एक छोटं पाकीट यायचं, साध्या, बिगर-बीटी बियाण्याचं. बाबा ते बाजूला फेकायचे. म्हणायचे, "साध्या पऱ्हाटीले अळी लागते, ते कायले लावा?"

2017 मध्ये विदर्भभर बोंडं फोडली की आत गुलाबी अळी! बाबा म्हणाले, "बियानंच बोगस निंघालं." शेजारी म्हणाले, "अळीले सवय झाली."

आमच्या घरी तरी खरी गोष्ट तिसरीच होती, आणि ती समजायला थोडं मागे जावं लागतं.

भारतात बीटी कपाशीला 2002 मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या एका जिवाणूचा जीन तिच्यात घातलाय. त्यातून झाडात एक विषारी प्रथिन तयार होतं. ते अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं आणि अळी मरते. पण कोट्यवधी अळ्यांत काही मोजक्यांचं कॅडहेरिन जन्मतःच बिघडलेलं असतं. विष चिकटतच नाही! बीटी यायच्या आधी या फरकाचा त्यांना काहीच फायदा नव्हता. बीटी आली, बाकीच्या मेल्या, या उरल्या आणि यांचीच पिल्लं वाढली.

म्हणजे माझ्या भाषेत सांगायचं तर अळीला कुणी अपडेट पाठवलं नाही. ते व्हर्जन गर्दीत आधीपासूनच होतं, आपण फक्त बाकीची व्हर्जन्स डिलीट केली. लुरिया आणि डेलब्रुक यांनी 1943 मध्ये जिवाणूंवर प्रयोग करून हेच दाखवलं होतं: विषाणूला तोंड देणारे जिवाणू विषाणू यायच्या आधीच तयार असतात.

2006 मध्ये दोन जीनची कपाशी आली. 2010 मध्ये गुजरातमधली गुलाबी अळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नसल्याचं जाहीर झालं. पुढच्या काही वर्षांत दुसरंही गेलं.

मग ते पाकीट कशासाठी होतं? बांधाकडेच्या साध्या ओळींत साध्या अळ्या जगाव्यात म्हणून! त्यांचे पतंग त्या मोजक्या पतंगांशी जुळले, की पिल्लांना बिघडलेल्या जीनची एकच प्रत मिळते. एका प्रतीने भागत नाही, ती पिल्लं बीटीवर मरतात. अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी 1996 पासून अशा ओळी लावल्या आणि तिथे बीटी वर्षानुवर्षं टिकली. पुढे नसबंदी केलेले पतंग सोडण्याची मोहीमही जोडली गेली, आणि 2018 मध्ये तिथल्या कपाशीतून ही अळी संपल्याचं जाहीर झालं.

बाबांना मी दोष देत नाही. साध्या ओळींचं नुकसान एकट्याचं, फायदा सगळ्या गावाचा. थोड्या एकरांच्या माणसाने ते का सोसावं? मागच्या सुट्टीत हे सगळं त्यांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मंग हे तव्हाच सांगाले पायजे होतं ना कोनीतरी."

माझ्याकडे उत्तर नव्हतं.