निद्दा (ज्यूंचे ऋतुशुद्धीचे नियम)

निद्दा : ऋतुमती स्त्रीचे अशौच व त्या काळात पति-पत्नींनी पाळावयाचा विलगपणा यांसाठी ज्यू धर्मशास्त्रात रूढ असलेली हिब्रू संज्ञा. जुन्या करारातील लेवीय ग्रंथात (अध्याय १५) नियमित ऋतुस्रावासाठी ७ दिवसांचे अशौच सांगितले आहे. स्राव अवेळी किंवा रेंगाळून होत असेल, तरच तो थांबल्यावर आणखी ७ ‘शुद्ध’ दिवस मोजावयाचे असत. तालमूदच्या काळात हा भेद व्यवहारात पुसला गेला. मोहरीएवढा रक्ताचा ठिपका दिसला, तरी ७ शुद्ध दिवस पाळण्याची कडक रीत स्त्रियांनी स्वतःहून स्वीकारली, असे रब्बी झेरा याच्या नावे बॅबिलोनियन तालमूदमध्ये नमूद आहे. एवढ्या मोठ्या निर्बंधाचे कर्तृत्व स्त्रियांकडे दिले जावे, हे लक्षणीय आहे. शुद्ध दिवस मोजण्यापूर्वी किमान ४ दिवस जावेत, असे योसेफ कारोच्या शुल्हान आरूख (१५६५) या संहितेत आहे. मोझेस इसरलेसने ते ५ केले. या अश्केनाझी रीतीप्रमाणे १२ व्या दिवसाच्या सूर्यास्तानंतर स्त्री मिकवे या स्नानकुंडात बुडी घेते व त्यानंतर समागम विहित ठरतो.

२८ दिवसांच्या ऋतुचक्रात अंडमोचन १४ व्या दिवसाच्या सुमारास होत असल्याने पुनर्मीलन नेमके गर्भधारणेस अनुकूल काळात घडते. म्हणून हे नियम वंशवृद्धीसाठीच योजले गेले, असे प्रतिपादन वारंवार केले जाते. परंतु त्यास ऐतिहासिक आधार नाही. गर्भधारणा ऋतुस्रावाच्या सुमारास होते की स्नानाच्या, याविषयी तालमूदमध्येच मतभेद आहेत. विलगपणामुळे पत्नी पतीला नववधूसारखी प्रिय होते, एवढेच कारण रब्बी मेइरने दिले आहे. अंडमोचनाचा काळ तर १९२० नंतरच्या दशकात जपानमधील ओगिनो व ऑस्ट्रियातील क्नाउस यांच्या संशोधनामुळे स्पष्ट झाला.

काही स्त्रियांना मात्र हाच हिशेब प्रतिकूल ठरतो. अंडमोचनानंतर सु. १४ दिवसांनी पुढील ऋतुस्राव होतो. चक्र २२ दिवसांचे असल्यास अंडमोचन ८ व्या दिवसाच्या आसपास होते आणि अंड जेमतेम एक दिवस टिकत असल्याने स्नानापूर्वीच संधी निघून जाते. स्राव लांबल्यासही हेच घडते. अशा निरोगी दांपत्यांसाठी अंडमोचन लांबविणारी औषधे वापरतात. धर्मनियमासाठी निरोगी स्त्रीला औषधे का द्यावीत, असा प्रश्न इझ्राएलमध्ये विचारला गेला आहे. शुद्ध दिवसांची ही वाढ मूळ ग्रंथातील नसल्याने त्यांतून सूट द्यावी, ही मागणी मात्र सनातनी रब्बींनी सर्वसाधारणपणे मान्य केलेली नाही. तालमूदचे प्रामाण्य नाकारणारे कराइट पंथीय नियमित ऋतुस्रावासाठी मुळातील ७ दिवसच पाळतात.