अबलख व ठिपकेदार घोडे : रंगाची आनुवंशिकी

घोड्याच्या अंगावरील पांढरे पट्टे व ठिपके आणि ते शिंगरांत उतरण्याचे नियम. घोड्यांचा मोठा बाजार नांदेड जिल्ह्यात, माळेगावच्या खंडोबा यात्रेत, मार्गशीर्षाच्या अखेरीस सुरू होतो. तेथे रंगाला मोल आहे. परंतु सारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या रंगामागची जनुके वेगवेगळी असतात आणि काहींचा आरोग्याशी थेट संबंध असतो.

अबलख : गर्भात रंगपेशी कण्याजवळून निघून अंगभर पसरतात. त्या पोहोचत वा टिकत नाहीत तेथे केस पांढरे व कातडी गुलाबी राहते. ‘टोबियानो’ प्रकारात गुणसूत्र ३ वरील ‘किट’ जनुकाजवळचा मोठा तुकडा उलटा बसलेला असतो. हा गुण प्रभावी असून बदललेल्या जनुकाची एकाच पालकाकडून आलेली एक प्रत पुरते. ‘फ्रेम’ प्रकाराचा दोष मात्र दोन्ही पालकांकडून आला, तर पांढरे शिंगरू जन्मते. आतड्यात चेतापेशी नसल्याने ते काही दिवसांत दगावते. अमेरिकी पेंट घोड्यांत हा दोष आढळतो.

ठिपकेदार : ॲपलूसा व क्नॅबस्ट्रुपर या जातींचे ठिपके गुणसूत्र १ वरील ‘टीआरपीएम-१’ जनुकातील बदलामुळे येतात. एका प्रतीने पांढऱ्या पुठ्ठ्यावर गडद ठिपके उमटतात. दोन प्रतींनी ते नाममात्र उरतात. पांढरा भाग किती पसरेल, हे इतर जनुके ठरवतात. खुरांवरचे उभे पट्टे, तोंडाभोवतीची चट्टेरी कातडी व बुबुळाभोवती दिसणारा पांढरा भाग या खुणांवरून असा घोडा ओळखू येतो. हे जनुक दृष्टिपटलालाही लागते. म्हणून दोन प्रती असलेला घोडा जन्मतः रातांधळा असतो. हा गुण प्राचीन आहे : २०११ मध्ये माणसाळण्यापूर्वीच्या घोड्यांच्या अवशेषांतही तो सापडला.

नुकरा व करडा : नुकरा पांढरा असून त्याची कातडी गुलाबी असते. करडा घोडा जन्मतः गडद असतो व वयाबरोबर पांढरा होतो. कातडी काळीच राहते. म्हणून घोडा पारखताना केसांआधी कातडी पाहावी.

पैदाशीतील उपयोग : एक प्रत असलेल्या दोन ठिपकेदार घोड्यांच्या संयोगात दर चारांपैकी सरासरी एक शिंगरू रातांधळे निघते. दोन प्रतींचा घोडा साध्या रंगाच्या घोडीला दिल्यास सर्व शिंगरांना एकच प्रत मिळते व हा दोष टळतो. केसांच्या मुळांवरून जनुकचाचणी करता येते. जोडी ठरवण्यापूर्वीच ती करावी.